खिडकीकाकूंची एकेचाळीस बोटं

खिडकीकाकूंना रागावल्याशिवाय औषध देताच यायचं नाही. खरं तर त्यांची नेमणूक फक्त औषधं देण्यासाठी होती. पण सत्तावीस वर्षं त्यांनी दोन्ही कामं एकाच पगारात केली, आणि दोन्हींत कधी कुचराई केली नाही. लहानशा सरकारी दवाखान्याच्या अगदी टोकाला एक खोली, खोलीला जाळीची खिडकी, जाळीला हात जाईल एवढं चौकोनी भोक, आणि भोकापलीकडे काकू. रांगेतल्या माणसाला त्यांचा चष्मा, हनुवटी आणि एक बोट एवढंच दिसायचं. ते बोट बहुतेक वेळ हलत असायचं.

"गोळी जेवणाआधी घ्यायला सांगितली होती की नंतर?"

"आधी."

"मग घेतली कधी?"

"जेवताना."

"म्हणजे डॉक्टरांचंही नाही ऐकलं आणि माझंही नाही. शाब्बास! हात पुढे कर."

हात पुढे करायचा म्हणजे तळवा पसरायचा. काकू पुडीतली एक गोळी त्या तळव्यावर ठेवायच्या, माणसाकडून ती कशाची, किती ताकदीची, केव्हा घ्यायची हे वदवून घ्यायच्या आणि मगच पुडी सोडायच्या. रांगेतले लोक कुरकुरायचे. बस चुकायची, ऊन लागायचं, कडेवरची पोरं रडायची. काकूंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. अख्खं गाव त्यांना खिडकीकाकू म्हणायचं, आणि त्यांचे यजमान निवृत्त बसकंडक्टर असल्यामुळे ते आपोआप कंडक्टरकाका झाले होते.

ही तळव्याची पद्धत त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलेली नव्हती. ती त्यांना फार महागात पडलेली होती, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्या दवाखान्यात एकेचाळीस माणसं अशी होती, ज्यांना रक्त पातळ करणारी गोळी रोज घ्यावी लागायची. कोणाच्या हृदयात शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात धातूची झडप बसवलेली, कोणाचं हृदय बेताल धावणारं, कोणाच्या पायात गुठळी झालेली. गोळी दिसायला शेंगदाण्याच्या अर्ध्याएवढी, पण मोठी लहरी. कमी पडली तर रक्ताची गुठळी होते, ती डोक्यात गेली की अर्धं अंग लुळं. जास्त झाली तर रक्त थांबायचं नाव घेत नाही. त्यात पालेभाजी अचानक सोडली तरी फरक पडतो, गुडघेदुखीची गोळी शेजारणीकडून मागून खाल्ली तरी फरक पडतो. रक्त किती पातळ झालंय याचा एक आकडा असतो. साधारण दोन ते तीनच्या मध्ये राहायचं, झडपवाल्यांनी अडीच ते साडेतीन. तो आकडा काढायची सोय शहरात. बसने जायला साडेचार तास, यायला तेवढेच, आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. मग कोण जातंय वारंवार! वर्षातून एकदा जायचं, नाहीतर तेही नाही. बाकी सगळा कारभार अंदाजपंचे.

तीन वर्षांपूर्वी या गोळीवाल्यांत एक तरुण गवंडी होता. हसरा, बडबड्या. खिडकीत उभं राहून म्हाताऱ्यांचे पाय दुखतात हे बघून त्याने एका रविवारी स्वतःच विटा आणून खिडकीखाली लांबलचक ओटा बांधून दिला होता. त्याची गोळी गुलाबी असायची. एकदा पुरवठा बदलला आणि तीच गोळी, तेवढ्याच ताकदीची, पांढरी आली. त्या दिवशी रांग दरवाज्याबाहेर गेली होती. काकूंनी पुडी दिली, तो हसला, गेला. त्या दिवशी काकू रागावल्या नाहीत. काही बोलल्याच नाहीत. गवंड्याला वाटलं, डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. घरी उरलेल्या गुलाबी गोळ्याही तो घेत राहिला आणि पांढऱ्याही, इमानेइतबारे, रोज ठरल्या वेळी. दोन आठवड्यांनी डोक्यात रक्तस्राव झाला आणि तो गेला.

काकूंना कोणी बोल लावला नाही. त्याची आई तर उलट त्यांनाच धीर देऊन गेली. पण काकूंनी स्वतःला सोडलं नाही. तेव्हापासून तळवा पसरायची पद्धत सुरू झाली. आणि तेव्हापासून, इतक्या वर्षांच्या नोकरीत जे कधी केलं नव्हतं तेही त्यांनी सुरू केलं. त्या ओट्याकडे बघायचं टाळायला लागल्या. दवाखान्यात शिरताना मान पलीकडे. दुपारी खोलीत उकाडा मी म्हणायचा, बाकीचे सगळे बाहेर ओट्यावर वाऱ्याला बसायचे, काकू मात्र आत पुठ्ठ्याने वारा घेत बसायच्या.

अशात मशीन आलं.

मशीन कसलं, तळहाताएवढी डबी! बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब कागदाच्या पट्टीवर घ्यायचा, पट्टी डबीत सरकवायची, आणि मिनिटभरात आकडा समोर. काकूंनी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा त्या चक्क गप्प बसल्या. तरुण डॉक्टरबाई घाबरून म्हणाल्या, "काकू, बरं वाटत नाही का?"

"मला काय धाड भरलीय," काकू म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसायला लागल्या.

पण सरकारी वस्तू सुखासुखी येते थोडीच! वरच्या कचेरीने मशीन सहा महिन्यांसाठी दिलं होतं. सहा महिन्यांनी साहेब येणार, सगळ्यांचे आकडे बघणार. निम्मी माणसं, म्हणजे एकवीस जण, नीट आकड्यात असली तर मशीन राहणार. नसली तर दुसऱ्या दवाखान्यात जाणार, आणि ही मंडळी पुन्हा बसच्या साडेचार तासांच्या खड्ड्यांत. पहिल्या सोमवारी सगळ्यांची बोटं टोचली. एकेचाळीसांतले नीट किती? नऊ.

काकूंनी पदर खोचला. एक जाडजूड वही केली. प्रत्येकाला एक पान. आकडा तर लिहायच्याच, पण तो बिघडला की का बिघडला तेही लिहायच्या. 'जावेच्या गोळ्या खाल्ल्या.' 'मुलाच्या परीक्षेच्या काळजीत तीन दिवस विसरला.' 'खोटं बोलतोय, पुढच्या सोमवारी बायकोला विचारणे.' ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी त्यांनी टेलरताईला कामाला लावलं. तिने सात खिशांच्या कापडी पट्ट्या शिवल्या. रविवारचा खिसा लाल, बाकीचे पांढरे. सोमवारी काकू स्वतः सातही खिसे भरून द्यायच्या. रिकामा खिसा म्हणजे गोळी पोटात. आणखी हिशेब नको.

या टेलरताईची ओळख करून द्यायलाच हवी. पस्तिशीची बाई, हृदयात धातूची झडप. आणि झडप वाजायची. शांत खोलीत तिच्याशेजारी बसलं की टिक टिक टिक असं स्पष्ट ऐकू यायचं. लोक तिला घड्याळताई म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. "माझी लेक लपाछपीत मला सगळ्यात आधी पकडते," ती सांगायची. "दाराआड उभी राहिले की लगेच म्हणते, आई, वाजतेयस." दवाखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीला म्हणून गेलं ते गेलंच, नुसता खिळा उरला होता. तेव्हापासून काकू तिला म्हणायच्या, "ये गं, त्या खिळ्याखाली बस. आमची तेवढीच सोय."

चार महिन्यांत नवाचे वीस झाले, पाचव्यात अठ्ठावीस. काकूंचा आवाज कधी नव्हे तो गोड झाला. घरी त्या स्वयंपाक करताना गुणगुणायला लागल्या. कंडक्टरकाका शेजाऱ्यांना म्हणाले, "आमच्याकडे सध्या विश्रांती आहे. मला दोन महिन्यांत एकदाही ओरडा बसलेला नाही. मशीन कायमचं राहावं अशी माझी फार इच्छा आहे."

आणि इथेच काकूंनी घोळ घातला.

साहेब येण्याच्या आधीच्या सोमवारी सगळे ओट्यावर जमले होते. काकूंनी खिडकीच्या भोकातून डोकं जवळजवळ बाहेर काढलं आणि जाहीर केलं, "पुढच्या सोमवारी साहेब येतायत. निम्म्यांचे आकडे नीट आले नाहीत तर मशीन जाणार. आता माझी लाज तुमच्या हातात!"

बोलायचं म्हणून बोलल्या हो. पण ही माणसं वर्षानुवर्षं काकूंचा ओरडा खाऊन त्यांच्यावर जीव लावून बसलेली. काकूंची लाज म्हटल्यावर ती स्वस्थ बसतील होय?

गुरुवारी सकाळी घड्याळताई आली. तोंडाला रुमाल. हिरड्यांतून पहाटेपासून रक्त येतंय म्हणाली, थांबत नाही. दंडावर वीतभर निळा डाग, तो टेबलाचा कोपरा लागून झाला होता म्हणे. काकूंनी तिला आत घेतलं, बोट टोचलं, पट्टी सरकवली. आकडा आला सहा पॉइंट चार.

गुलाबी आणि पांढरी, दोन्ही रंग त्यांच्या डोळ्यांपुढे आले. त्यांनी आधी डॉक्टरबाईंना हाक मारली. मग तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"किती घेतल्यास?"

"रोजच्याच."

"खरं सांग."

"दोन-दोन," ती रुमालातून म्हणाली. "सोमवारपासून."

"अगं, पण का?"

"मागच्या वेळी माझा आकडा दोन पॉइंट चार आला ना. मला अडीच पाहिजे. म्हटलं, माझ्या एकटीमुळे एक कमी पडला आणि मशीन गेलं तर तुम्हाला काय तोंड दाखवू?"

डॉक्टरबाईंनी गोळी बंद केली, उतारा म्हणून दुसरं औषध दिलं आणि तिला खाटेवर निजवून ठेवलं. काकू तिच्या उशाशी बसल्या, तिचा हात घट्ट धरून. टिक टिक चालू होती. संध्याकाळी हिरड्यांतलं रक्त थांबलं तेव्हा काकू पहिल्यांदा पाणी प्यायल्या, आणि पाणी प्यायल्याबरोबर त्यांचा जुना दरडावणीचा आवाज परत आला.

"तू एकटीच एवढी शहाणी की आणखी कोणी आहे?"

घड्याळताई छताकडे बघायला लागली.

"बोल! नाहीतर दुसऱ्याही बोटाला टोचते."

"बेकरीवाल्यानं पालेभाजी सोडलीय," ती हळूच म्हणाली. "नुसत्या पावावर आहे तीन दिवस. इस्त्रीवाली अर्धी-अर्धी गोळी घेतेय. हेडमास्तरांनी तर गोळीच बंद केलीय, मागच्या वेळी त्यांचा आकडा थोडा जास्त आला होता म्हणून. आम्ही सगळ्यांनी मिळूनच ठरवलं होतं ओट्यावर बसून. ज्याचा कमी त्यानं वाढवायचं, ज्याचा जास्त त्यानं उतरवायचं. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. एकेचाळीस माणसं साहेबांसाठी अभ्यासाला बसली होती, आणि अभ्यास स्वतःच्या रक्ताचा चालला होता!

त्यानंतरचे तीन दिवस गावाने जे पाहिलं ते गाव अजून विसरलेलं नाही. पुढे कंडक्टरकाका, मागे स्कूटरवर काकू, काकूंच्या मांडीवर मशीनची पिशवी. फोन लागतील त्यांना फोन, पण अर्ध्यांचे लागेनात आणि लागलेल्यांवर काकूंचा विश्वास नव्हता. त्यांना तोंड बघितल्याशिवाय खरं-खोटं कळायचं नाही. काकांनी एकेचाळीस नावांची यादी केली, नोकरीतला तिकिटाला भोक पाडायचा चिमटा ट्रंकेतून काढला, आणि एकेक घर झालं की नावापुढे कट्ट करून भोक पाडायचे. "पुढचा थांबा बेकरी!" ते ओरडायचे. काकू मागून पाठीत गुद्दा घालायच्या, "इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि यांना थट्टा सुचतेय!" पण दहाव्या घरानंतर त्याही ओरडायला लागल्या, "चला, डबल बेल!"

बेकरीवाला भट्टीपुढे चेहरा पाडून उभा होता. "काकू, तीन दिवसांत पावाचा इतका कंटाळा आलाय की विकायलासुद्धा नको वाटतंय."

"मग खा ना भाजी! रोज खातोस तेवढीच खा. एकदम ढीगभर खाऊ नकोस, नाहीतर आता उलटं होऊन बसेल."

हेडमास्तर व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. काकूंना बघून त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

"अहो मास्तर," काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "उभं आयुष्य पोरांच्या कॉप्या पकडण्यात गेलं ना तुमचं?"

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. "चुकलं," हेडमास्तर म्हणाले. त्यांच्या घरच्यांनी हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण आतून कोणीतरी धावत बघायला आलं.

प्रत्येक दारात काकू एकच सांगत होत्या. "डॉक्टरांनी सांगितलीय तेवढीच गोळी घ्या. रोज खाता तसंच खा. मशीन गेलं तर गेलं. मला आकडा नकोय, मला तुम्ही हवे आहात." हे वाक्य पहिल्या दारात म्हणताना त्यांचा आवाज फुटला. विसाव्या दारात त्या ते दरडावून म्हणायला लागल्या. रविवारी दुपारी यादीला शेवटचं भोक पडलं आणि काकांनी जाहीर केलं, "गाडी रिकामी. सर्वांनी उतरून घ्यावे."

पण रक्त काही दरडावून ताळ्यावर येत नाही. त्याला दिवस लागतात. हे काकूंना ठाऊक होतं, म्हणून सोमवारी सकाळी त्या दवाखान्यात शिरल्या तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं.

साहेब अकराला आले. सडपातळ, गंभीर, काखेत फाइल. चहा नको म्हणाले. तोवर निम्म्यांची बोटं टोचून झाली होती, उरलेल्यांची त्यांच्यासमोर झाली. घड्याळताईचा आकडा तीन आला. काकूंनी तिला सगळ्यांदेखत कुशीत घेतलं आणि लगेच ढकलून दिलं. बाकीच्यांचे कुठे थोडे वर, कुठे थोडे खाली. बेकरीवाला तीन पॉइंट सहा. हेडमास्तर एक पॉइंट पाच. काकूंनी मनातल्या मनात बेरीज केली. नीट आकडे एकोणीस.

एकवीस हवे होते. दोन कमी.

आणि गंमत बघा, वहीत दोन आकडे अगदी उंबरठ्यावर उभे होते. इस्त्रीवालीचा एक पॉइंट नऊ, ट्रकवाल्याचा तीन पॉइंट एक. दोन्ही साहेब यायच्या आधीचे. वहीत पेन्सिलीने टिपलेले, कच्चे. शाईने पक्के लिहायचे राहिले होते. साहेब पाठमोरे होऊन फाइल उघडत होते. बेकरीवाला जाळीला नाक लावून कुजबुजला, "काकू, एक पॉइंट नऊचे दोन करायला कितीसा वेळ लागतो?"

"अजिबात नाही," हेडमास्तर कडक आवाजात म्हणाले.

"तुम्ही तर बोलूच नका," काकू म्हणाल्या.

पेन हातात घेऊन त्या क्षणभर थांबल्या. मशीन जाणार हे त्यांना दिसत होतं. डबीत भरून, पुडक्यात बांधून, साहेबांच्या जीपमध्ये. खोटं लिहिलं तर राहणार. पण उद्या डॉक्टरबाई हीच वही उघडणार, इस्त्रीवालीला दोन दिसणार, आणि त्या म्हणणार, ठीक आहे, बदल नको. काकूंनी शाईने एक पॉइंट नऊ लिहिलं. खाली तीन पॉइंट एक लिहिलं. आणि वही साहेबांपुढे सरकवली.

साहेब वाचायला लागले. एकेक पान, सावकाश. खोलीत सगळे खिळ्यासारखे उभे. ओट्यावरचे लोकही जाळीशी येऊन थांबले. कोणी खोकेना. पंखा तर वीज नसल्यामुळे बंदच होता.

थोड्या वेळाने साहेबांनी मान वर केली. भिंतीकडे बघितलं. खिळा दिसला. दुसऱ्या भिंतीकडे बघितलं.

"घड्याळ कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "मघापासून वाजतंय."

घड्याळताईने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. "मी आहे साहेब."

"आणि मी," जाळीबाहेरून बेकरीवाला म्हणाला.

"मीपण," दाराशी उभे असलेले एक आजोबा.

आणखी चार हात वर झाले. साहेबांनी चष्मा काढला. ते तसेच कान देऊन बसले, आणि आता ते सगळ्यांनाच ऐकू यायला लागलं. एक टिकटिक जवळची, एक दाराशी, दोन-तीन बाहेरच्या, कोणतीच दुसरीशी जुळत नव्हती.

"शहरात जायला किती वेळ लागतो?" साहेबांनी विचारलं.

"साडेचार तास, चौदा थांबे," दारातून कंडक्टरकाका म्हणाले. "गाडी बंद पडली नाही तर."

साहेबांनी वहीचं एक पान वर काढलं. "हा गुरुवारचा सहा पॉइंट चार. त्या दिवशी तर तपासणी नव्हती तुमची."

काकूंनी सगळं सांगितलं. स्वतःच काय बोलून बसल्या, मंडळींनी ओट्यावर काय ठरवलं, सगळं. एक शब्द झाकला नाही. हेडमास्तरांचंही सांगितलं, तेव्हा हेडमास्तर बाहेर ऊन किती पडलंय ते बघायला गेले.

"आणि मशीन नसतं तर हे तुम्हाला कळलं असतं का?"

"कळलं असतं ना," काकू म्हणाल्या. "पण फार उशिरा. एकदा कळलंय तसं."

"या सहा महिन्यांत या एकेचाळीसांपैकी किती दगावले?"

हा प्रश्न काकूंना कोणी विचारलाच नव्हता. कोणत्याच कागदावर तो नव्हता. त्यांनी वही ओढून घेतली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटली, पुन्हा पहिल्यावर आल्या. ओठ हलत होते.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. स्वतःलाच खरं वाटेना, म्हणून पुन्हा म्हणाल्या, "कोणी नाही हो!"

"आणि आधीच्या सहा महिन्यांत, ही गोळी घेणाऱ्यांपैकी?"

"चार."

साहेबांनी आपला छापील तक्ता बघितला. त्यावर या गोष्टीला जागा नव्हती. त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली, शेवटच्या रकान्याच्या बाजूला एक उभी रेघ मारली, आणि त्या नव्या रकान्यात काहीतरी लिहिलं. मग उठले. "एकवीसची अट आहे, आणि ती तुम्ही पुरी केलेली नाही," ते म्हणाले. "निर्णय माझ्या हातात नाही. लिहिणं माझ्या हातात होतं, ते मी केलं." जाताना मशीन मात्र टेबलावर राहू दिलं. वरून उत्तर येईपर्यंत राहू दे म्हणाले, आणि दारातून मागे वळून म्हणाले, "आता चहा घेतला तरी चालेल."

उत्तराची वाट बघण्यात तीन आठवडे गेले. मशीनच्या पट्ट्या संपत आल्या होत्या. अकरा उरल्या, मग सात, मग तीन. काकू पुन्हा चिडचिड्या झाल्या आणि काकांनी घरात हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. चौथ्या सोमवारी एक खोकं आलं. काकूंनी कात्री शोधायचीही वाट पाहिली नाही, सुतळी दातांनी तोडली. आत पट्ट्या होत्या. पुरे वर्षभर पुरतील एवढ्या. वर पत्र, की मशीन याच दवाखान्यात कायम ठेवण्यात येत आहे. आणि पत्राखाली नव्या छापील तक्त्यांचा गठ्ठा. साहेबांनी हाताने रेघ मारली होती तिथे आता छापील रकाना होता.

ओट्यावर जो गलका झाला तो पार बसथांब्यापर्यंत ऐकू गेला. बेकरीवाल्याने पाव वाटले, आणि स्वतः मात्र एकालाही हात लावला नाही. हेडमास्तरांनी छोटं भाषण केलं, सचोटीवर. ते पुरं होऊ देण्यात आलं नाही.

काकूंनी पहिला तक्ता टेबलावर सरळ करून ठेवला. शेवटच्या रकान्यात, आपल्या सगळ्यात चांगल्या अक्षरात, लिहिलं, 'कोणी नाही.' शाई वाळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खिडकीची झडप ओढून घेतली, खोलीला कडी घातली, वळसा घालून बाहेर आल्या, आणि त्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. काकूंनी हाताने ओट्याची कड चाचपून बघितली. कुठे वीट हललेली नव्हती, कुठे भेग नव्हती.

"पक्कं काम केलंय पोराने," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

घड्याळताईने त्यांच्यासाठी जागा करायला म्हणून दूर सरकायला घेतलं.

"जातेस कुठे? इकडे ये, जवळ बस," काकू म्हणाल्या. "ऐकू येऊ दे."

ती बसली. काकूंनी डोळे पुसले, चष्मा पुन्हा घातला आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष तिच्या हातातल्या सात खिशांच्या पट्टीकडे गेलं.

"हे काय? कालचा रविवारचा खिसा भरलेलाच कसा?"

"आजच काढणार होते..."

"आज सोमवार आहे!" काकू कडाडल्या. "शाब्बास! आता दोन्ही एकदम घेऊ नकोस, आजची तेवढी घे. आणि हात पुढे कर आधी!"

आजूबाजूच्या सगळ्यांनी, कोणी न सांगताच, आपापले तळवे पसरले.